शुक्रवारची घरघर

छावणीच्या बाजारात करुणा खरं तर मेथी घ्यायला थांबली होती. पण रेडिओवाल्यांनी तिथे मंडप टाकला होता, भाजीवाल्यांशी थेट गप्पा सुरू व्हायच्या होत्या, आणि चाचणीच्या स्पीकरमधून असा काही आवाज येत होता की तिचे पाय मेथी सोडून तिकडेच वळले. टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात, एक तरुण उकिडवा बसला होता.

“अहो, घरघर येतेय तुमच्या आवाजात.”

“जनरेटर असंल,” तो मान वर न करता म्हणाला.

“नाय. जनरेटरची वेगळी. ही वायरीतली हाय.”

आता मात्र त्यानं वर पाहिलं. शहाणी दिसतेय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण करुणाचं पोटच कानांवर चालायचं. चिकलठाण्याच्या कारखान्यात ती पंपांच्या मोटारी तपासायची. मोटार चालू करायची, कान द्यायचा, पास की नापास ते सांगायचं… दिवसाला दीडशे. त्यानं माईकची वायर विजेच्या वायरीपासून हातभर लांब सारली आणि घरघर गायब! तो हसला. त्या हसण्याला नापास करणं काही तिला जमलं नाही.

“मी शिवराज. एक काम कराल का?” तो म्हणाला. “बाहेरून कार्यक्रम करताना मला फक्त हेडफोनमधलं ऐकू येतं. लोकांच्या घरी काय पोचतं, नाय कळत. दर शुक्रवारी पाचला रेडिओ लावायचा अन् मला कळवायचं. जमंल?”

“फुकट?”

“चहा पाजीन की!”

चहा कधी झालाच नाही. होणार कसा? शुक्रवारी तो कुठेतरी माईक मांडून बसलेला आणि ती खोलीवर रेडिओला चिकटलेली. बाकीचे दिवस तिची पाळी आणि त्याची स्टुडिओतली ड्यूटी एकमेकींना चुकवत राहिल्या. पण फोनवर निरोप चालायचे. ‘वारा घुसतोय.’ ‘आता?’ ‘आता बरंय. पण मोनिकाताई माईकच्या लई जवळ आल्यात.’ ‘तू जेवलीस का?’ एका तासात वीस-वीस निरोप. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा निवेदन करणाऱ्या मोनिकाताईंच्या मागे शिवराज खोकला. त्या दिवशीच्या कार्यक्रमातलं करुणाला तेवढंच आठवायचं. वेडी पोरगी! ज्याच्याजवळ बसायचं, त्याच्यासाठीच दर शुक्रवारी दहा किलोमीटर लांब बसून राहायची.

मग रेडिओ केंद्रात नवं यंत्र आलं. आवाज कसा, धुतल्यासारखा! ‘कसं येतंय?’ त्यानं विचारलं. ‘स्वच्छ,’ तिनं कळवलं. त्यानं अंगठा पाठवला. संपलं. पुढच्या शुक्रवारीही ‘स्वच्छ’, अंगठा, आणि मग तासभर नुसता रेडिओ. तिला रडू यायचं बाकी होतं.

तिसऱ्या शुक्रवारी तिनं लिहिलं, ‘थोडी घरघर हाय.’

‘कुठं? कशी? थांब, वायर बदलतो!’

निरोपांची पुन्हा झड लागली. करुणाला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. आजच, फक्त आजच, असं म्हणत म्हणत तिनं दोन महिने काढले.

आणि एका गुरुवारी त्याचा निरोप आला.

‘कानाच्या डॉक्टरला दाखवून आलो. कान चांगले हायत म्हणतात. मग तुला ऐकू येतं ते मला का येत नाय? साहेबांना नाय, मोनिकाताईंना नाय. पण तुझा कान चुकणार नाय. ज्याला आवाजच कळत नाय त्यानं हे काम कशाला करायचं, करुणा? उद्याचा कार्यक्रम झाला की सोडतोय. जालन्याला मामाचं दुकान हाय.’

करुणानं तो निरोप पुन्हा पहिल्यापासून वाचला. गप्प राहिली तर त्याचं काम जाणार. सांगितलं तर तो जाणार… तिच्या आयुष्यातून, कायमचा. रात्रभर तिनं निरोप लिहिले आणि पुसले.

शुक्रवारी पहिली पाळी सुटल्यावर तिनं रेडिओ लावलाच नाही. त्या दिवशीचा कार्यक्रम पडेगावला होता. रिक्षा बदलत ती तिथे पोचली, तेव्हा पाच वाजायला दोन मिनिटं होती.

“तू इथं?” शिवराज उठलाच. “मग तिकडं कोण ऐकतंय?”

“कुणी नाय.” तिला धाप लागली होती. “शिवराज, घरघर नव्हतीच. नवं यंत्र आल्यापासून कधीच नव्हती… आवाज स्वच्छ होता. मी खोटं बोलले.”

“खोटं? दोन महिने? का?”

“स्वच्छ म्हटलं की तू बोलायचाच नाय…” तिचे डोळे भरले. “मला तुझ्याशी बोलायचं असतं. रोज. तू आवडतोस मला. तुझे कान शाबूत हायत, काम सोडू नको. माझ्यावर चिडायचं तेवढं चिड.”

त्याचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मोनिकाताईंनी हात वर केला. पाच वाजले होते. माईक चालू. शिवराजनं तिला समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि हेडफोन चढवले.

आयुष्यातला सगळ्यात लांब तास! हातभर टेबलापलीकडे तो, आणि एक शब्द काढायची सोय नाही. पडेगावच्या बाया शेळ्यांबद्दल बोलत होत्या. तो बटणांकडे बघत होता, तिच्याकडे नाही. एकदा बघितलं, लगेच नजर काढली. पुन्हा बघितलं… या वेळी नाही काढली.

मग त्यानं कार्यक्रमाचा कागद ओढला, त्याच्या मागच्या बाजूवर काहीतरी खरडलं आणि तिच्यापुढे सरकवला.

‘लई राग आलाय. तुझ्यापायी डॉक्टरनं कानात पाण्याची पिचकारी मारली. संपल्यावर निघून जाऊ नको. मलाबी रोज बोलायचं असतं.’

करुणानं ते तीनदा वाचलं. मग ती उठली, खुर्ची ओढली तर आवाज हवेवर जाईल म्हणून दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवली.