जोर वाढतो, सूर उतरतो

हलगीवर टिपरू जितके जोरात मारावे तितका आवाज मोठा येतो, हे समजण्यासाठी विज्ञान शिकावे लागत नाही. पण जोर वाढला की सूर खाली उतरतो, असे कोणी सांगितले तर त्याचे कारण शोधावेच लागेल.

उर्वी वायदंडेच्या संगणकात नेमके हेच घडत होते. समोरच्या स्पर्शपट्टीवर (बोटाचा जोर मोजणाऱ्या रबरी चौकोनावर) तिने हलकेच बोट टेकवले, तेव्हा उंच, कडक आवाज आला. तिने जोरात ठोका दिला, तेव्हा आवाज मोठा आला खरा, पण तो ढिला आणि खालचा होता.

"पुन्हा वाजव," पडताळ म्हणाला.

पडताळ हा शाळेच्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव. सुट्टीत तो एकेका विद्यार्थ्याच्या घरी राहायला येई. कोणतेही विधान तपासल्याशिवाय स्वीकारायचे नाही, हा त्याच्या रचनेचा पहिला नियम होता. जेवायला वाढले आहे असे कोणी म्हटले, तरी हा आधी ताट मोजेल, असे मुले त्याच्याविषयी म्हणत.

उर्वीने पुन्हा वाजवले. सूर पुन्हा उतरला.

"खऱ्या हलगीत असं होत नाही," ती वैतागून म्हणाली. "उलट जोरात मारल्यावर चामडं क्षणभर जास्त ताणलं जातं, म्हणून सूर किंचित चढतो. आणि तात्या संध्याकाळी पाचला निघणार आहेत!"

तात्या म्हणजे उर्वीचे आजोबा, गावातले हलगीवादक. दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया व्हायची होती. तो हात पुन्हा पूर्वीसारखा चालेल की नाही, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. त्यामुळे तात्यांच्या हातची हलगी चंद्रावर पोचवायची असेल, तर आजच पोचवावी लागणार होती.

चंद्रावर, कारण उर्वीची आतेबहीण चारू तेथील वसाहतीत राहत होती. वसाहतीच्या वर्धापनदिनी पंधरा मुलांचे लेझीम पथक उतरवायचे तिने ठरवले होते. चामड्याची वाद्ये तेथे नेता येत नव्हती. तात्यांचे वादन सलग ध्वनिमुद्रित करून पाठवले तर? तो प्रयत्न झाला होता आणि फसला होता. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. येथे अर्ध्या सेकंदात खाली येणारी उडी तेवढ्याच जोराने मारली, तर तेथे सुमारे तीन सेकंद हवेत राहते. पथकाची पावले जमिनीवर येईपर्यंत तात्यांची हलगी पुढे निघून जाई. ध्वनिमुद्रण संथ केले की सूर बदले. संगणकाने सूर राखून ते लांबवले की ठोक्याची धार जाई.

उपाय एकच उरला होता. वादन पाठवायचे नाही, सुटे ठोके पाठवायचे. सॅम्पलर (ध्वनीचे छोटे नमुने साठवून हव्या त्या क्षणी वाजवणारी आज्ञावली) ते ठोके चारूच्या बोटांखाली आणून देईल. मग दोन ठोक्यांत किती अंतर ठेवायचे, हे तिचे तिने ठरवावे.

एकच ठोका मात्र पुरत नाही. हळू मारलेला ठोका म्हणजे जोरदार ठोक्याचा लहान आवाज नव्हे. त्यात चामडे वेगळ्या रीतीने थरथरते. शिवाय एकच नमुना पाठोपाठ वाजला की कान तो लगेच ओळखतात, आणि हलगीऐवजी शिलाईयंत्र ऐकल्यासारखे वाटते. म्हणून उर्वीने आदल्या दिवशी जोराच्या चार पातळ्या ठरवल्या आणि प्रत्येक पातळीचे सहा ठोके तात्यांकडून वाजवून घेतले. एकूण चोवीस नमुने. सॅम्पलर ते आळीपाळीने वाजवणार होता.

एवढी काळजी घेऊनही सूर उतरत होता.

"तात्यांना पुन्हा वाजवायला सांगू या का?" उर्वीने विचारले.

ओसरीवर बसलेल्या तात्यांनी ते ऐकले. "चोवीस ठोके अजून एकदा देतो, उर्वे. खांदा तेवढंच सोसंल. तिसऱ्यांदा मागू नकोस."

"मग आधी कारण शोधायला हवं," पडताळ म्हणाला. "कारण न कळता प्रयोग पुन्हा केला, तर चूकही पुन्हा होईल."

संशय घेण्याजोग्या तीन गोष्टी होत्या: सॅम्पलर, ध्वनिग्राहक आणि हलगी. उर्वीने मूळ नमुने सॅम्पलरशिवाय ऐकले. सूर तेथेही उतरत होता. सॅम्पलर निर्दोष ठरला. मग तिने त्याच ध्वनिग्राहकासमोर स्टीलचे ताट चार वेगवेगळ्या जोरांनी वाजवले. ताटाचा सूर जागचा हलला नाही, ध्वनिग्राहकही सुटला.

"म्हणजे दोष हलगीत," उर्वी म्हणाली.

"माझ्या हलगीत?" तात्यांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं वाजवतोय मी ती!"

"आरोप नाही, तात्या. केवळ शक्यता," पडताळ म्हणाला.

"शक्यता म्हनं! पोलीस पन असंच म्हनत्यात."

पडताळने चोवीस ठोक्यांची वारंवारता (एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या) पडद्यावर मांडली. पहिला ठोका तीनशे बाराचा, शेवटचा दोनशे अडुसष्टचा. उर्वी बराच वेळ त्या बिंदूंकडे पाहत राहिली. काहीतरी खटकत होते. सूर जोरामुळे उतरत असता, तर सारख्या जोराच्या सहा ठोक्यांचा सूर सारखाच असायला हवा होता. पण पहिल्या सहा हळू ठोक्यांतही प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा थोडा खाली होता.

"पडताळ, खालच्या रेषेवर जोराऐवजी वेळ लाव. कुठला ठोका किती वाजता घेतला, ते."

बिंदू सरकले आणि एका सलग उतारावर येऊन बसले. पन्नास मिनिटे, एकच उतार.

उर्वीला काल आपण काय केले ते आठवले. नीटनेटकेपणाच्या हौसेने तिने आधी सगळे हळू ठोके घेतले होते, मग मध्यम, मग जोराचे आणि शेवटी सर्वांत जोराचे. जोर वाढत गेला आणि घड्याळही पुढे जात राहिले. दोन गोष्टी एकत्र बदलल्या आणि दुसरीचा परिणाम पहिलीच्या नावावर जमा झाला.

"पण वेळेने सूर का उतरेल?" पडताळने विचारले.

"हे त्या डब्याला ठाव न्हाई व्हय?" तात्या हसले. "अरे, हलगी गार पडली! काल मी दोनदा म्हनलो, शेकू दे. ही म्हनाली, जाळ नको, तडतड येती."

उर्वीचा चेहरा उतरला. ते खरे होते. हलगी वाजवण्यापूर्वी जाळावर शेकतात, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. पण ध्वनिग्राहकात लाकडांची तडतड येऊ लागली, तेव्हा तिने शेकोटी विझवायला लावली होती.

कारण आता स्पष्ट होते. चामडे हवेतील ओलावा शोषते आणि सैल पडते. शेकल्यावर तो ओलावा निघून जातो, चामडे आकसते आणि ताण वाढतो. ताण जास्त, तर कंपने जलद. कंपने जलद, तर सूर उंच. कालच्या दमट हवेत पन्नास मिनिटांत हा ताण घटत गेला होता.

"मग संगणकातच सगळ्यांचा सूर वर उचलू या," उर्वी म्हणाली. "तात्यांना त्रास नको."

"सूर उचलता येईल. सैल चामड्याचा ठोका ताठ चामड्याचा होणार नाही. तो विरतोही वेगळा," पडताळ म्हणाला. "निर्णय तुझा."

तात्यांनी निर्णयाची वाट पाहिलीच नाही. त्यांनी डाव्या हाताने हलगी उचलली. "जाळ कर, पोरी. भिंतीपल्याड कर, म्हंजे तुझ्या यंत्राला ऐकू जायचं न्हाई."

या वेळी उर्वीने जोराचा क्रम स्वतः ठरवला नाही. चोवीस चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. निघेल त्या जोराचा ठोका घ्यायचा. म्हणजे हलगी थोडीफार गार पडलीच, तरी त्याचा दोष एकाच पातळीवर साचणार नाही.

"लाटरीवर वाजवायची पाळी आली," तात्या पुटपुटले. "काढ चिठ्ठी."

दर तीन ठोक्यांनंतर हलगी भिंतीपलीकडे जाऊन शेकून येई. ती पुरेशी तापली की नाही, हे तात्या बोटाने एकदा टिचकी मारून ठरवत. पडताळला ही पद्धत मान्य नव्हती. तो प्रत्येक टिचकी मोजत होता. आठही वेळा वारंवारता तीनशे दहाच्या आसपास आली. कमाल फरक तीनचा.

"बोट विश्वसनीय आहे," त्याने जाहीर केले.

"उपकार झाले," तात्या म्हणाले.

विसाव्या ठोक्यानंतर ते खांदा धरून खाली बसले. उर्वीने चिठ्ठ्यांचा डबा बाजूला ठेवला. तात्यांनी तो पायाने पुन्हा पुढे ओढला.

पावणेपाचला सगळे नमुने तपासून झाले. आता हलगी जोराने वाजवली, की सूर कणभर चढत होता. उर्वीने नमुन्यांसोबत एक टिपण जोडले: वादक शंकर वायदंडे, हलगी दर तीन ठोक्यांनंतर शेकली, हे नमुने कोणीही वापरावेत, वाटावेत, मात्र वादकाचे नाव काढू नये. गाडी दारात उभी राहण्यापूर्वी नमुने चंद्राकडे रवाना झाले होते.

नवव्या दिवशी तात्या रुग्णालयातल्या खाटेवर हात गळ्यात बांधून बसले होते, शेजारी उर्वी होती. समोरच्या पडद्यावर चंद्रावरचे पथक उभे होते. चारूने स्पर्शपट्टीवर बोटे ठेवली आणि हलगी कडाडली. पंधरा मुले संथपणे हवेत उठली.

वादन संपल्यावर सगळे तात्यांकडे पाहत होते.

"ठोका माझाच हाय," ते म्हणाले. "पन हात कुनाचा? तिसरा ठोका आधी पडतोय."

पृथ्वीवरून शब्द जाऊन उत्तर परत यायला अडीच सेकंद लागले. "हात माझा, तात्या," चारू म्हणाली. "काय चुकतंय?"

"पाय हवेत असताना घाई करू नकोस. पाय टेकू दे, मग मार."

"बरं. आणि तात्या, आम्ही इथल्या पाण्याच्या टाकीचे आणि झाकणांचे ठोके गोळा करतोय. प्रत्येक ठोक्यापुढे तापमान लिहितोय. पुढच्या आठवड्यात उर्वीला पाठवते."

"चिठ्ठ्या टाकून घे!" उर्वी ओरडली.

"ते मागनं," तात्या म्हणाले आणि डावा हात खाटेच्या लोखंडी कडेवर ठेवून ताल देऊ लागले. "आधी हे पुन्हा. पहिल्यापासनं."

अडीच सेकंदांनी पथक पुन्हा हवेत उठले.