पितराची खुर्ची

कळसाडीच्या गल्लीतून भर दुपारी एक हिरवं टेबल चालत आलं.

कामिनीने आधी टेबल पाहिलं, मग त्याखालचे दोन पाय, आणि मग त्या पायांतल्या धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. चैत्राच्या उन्हात गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. टेबल मात्र डुलत, भिंतींना घासत, आपल्याच नादात येत होतं.

"अहो टेबल," ती म्हणाली, "जरा थांबा. विकायचं आहे का?"

"आत्ताच घेतलंय," खालून आवाज आला. "डोक्यावरून उतरू तरी द्या."

टेबल भिंतीला टेकलं आणि त्याच्याआडून एक घामेजला चेहरा बाहेर आला. अमृत. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात ऊस विभागात नोकरी, मूळचा तापीकाठच्या सारंगखेड्याचा, आणि या महिन्यापासून कळसाडीत भाड्याने खोली घेऊन राहिलेला. कुणाच्या तरी घरची अडगळ निघाली होती. त्यात टेबल टेनिसचं हे अर्धं टेबल त्याला मिळालं होतं.

"अर्धंच? मग खेळणार कसं?"

"खेळायचंय कुणाला? गच्चीवर विंचू निघतात. यावर झोपायचंय."

"मला हवंय. आखाजीला, एका दिवसापुरतं."

"आणि मी झोपू कुठं?"

"एक दिवस जागे राहा की."

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, आणि का कोण जाणे, कामिनीने पदर नसतानाही खांद्यावरून हात फिरवला.

कारण तसं साधंच होतं. कामिनीच्या आईचे, जसोदाबाईंचे गुडघे गेले होते. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं घर ओसरीवर मांडी घालून पंगतीत बसलं, आणि ज्या बाईने पहाटेपासून खापरावर पुरणपोळ्या भाजल्या, ती एकटी भिंतीशी खाटेवर ताट मांडीत घेऊन जेवली. कामिनीच्या मनातून ते खाटेवरचं ताट वर्षभर गेलं नाही. यंदा पंगत जमिनीवर नाही, टेबलावर. आणि घरात टेबल म्हणाल तर शिवणयंत्राचं, एवढंच.

मग रोज संध्याकाळी शोध सुरू झाला. अमृत मोटरसायकलवरून उसाच्या शेतांची पाहणी करून यायचा, आणि कामिनी फाटकाशी उभी असायची... सहज. त्याने कुठल्याशा शाळेचा मोडका बाक आणला. तिने जुनं दार काढलं, ते केळीच्या क्रेटांवर ठेवलं. चार टेबलं, चार उंच्या. विटा लावून सारखी करता करता दोघांची डोकी एकदा आपटली, आणि दोघेही नको तितका वेळ "लागलं नाही, लागलं नाही" म्हणत राहिले.

"ताटं?" त्याने विचारलं.

"एकासारखं एक नाही. पितळी आहेत, स्टीलची आहेत, आत्याने सुरतेहून आणलेली निळ्या फुलांची बशी आहे. जो माणूस जसा, तसं त्याचं ताट."

"मला कुठलं?"

"तुम्हाला कुणी बोलावलंय?"

"टेबलाला बोलावलंय ना. टेबल एकटं कसं येईल?"

ती विटा मोजत राहिली. पण त्या संध्याकाळी वाऱ्यालासुद्धा केळीच्या बागेचा ओला वास होता, आणि घरी आल्यावर आई म्हणाली, "चहात मीठ घातलंस, पोरी."

आखाजीच्या सकाळी अमृत टेबलं मांडायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तुमच्या आप्पांनी मला जेवायला बोलावलंय."

"मग चांगलंच आहे की."

"तुमचा आजोबा म्हणून."

कामिनी हसली. मग तिचं हसू हळूहळू विरलं.

आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, आणि त्याच नावाने गावातला एक माणूस पितर म्हणून जेवायला बसवायचा, ही रीत. त्याचे पाय धुवायचे, सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. कामिनीच्या आजोबांच्या, गिरधरबाबांच्या जागी कित्येक वर्षं दोधू अण्णा बसायचे. ते यंदा मुलाकडे सुरतेला गेले. आणि एकदा जो बसला, तो त्या घरचा कायमचा पितर, म्हणजे कामिनीचा कायमचा आजोबा.

"नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"पितराचं बोलावणं कुणी मोडतं का? कारण काय सांगू? कारण सांगायचं तर... सगळंच सांगावं लागेल."

"मग सांगायचं."

"तुझं उत्तर माहीत नसताना?"

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता. तिने बाकाखाली वीट सरकवली, परत काढली, परत सरकवली. उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच आत्याने आतून हाक मारली.

दुपारी ओसरी पाहायला शेजारणी डोकावून गेल्या. टेबलांवर आत्याची बांधणी, आईचं जांभळं लुगडं, चुलतभावाचा फेटा, सगळं एकाला एक जोडून अंथरलेलं. तांब्यांत बोगनवेल. कुठं पितळ चकाकतंय, कुठं केळीचं पान. आमरसाची पातेली, कुरडयांचा डोंगर, कटाची वाफाळती रशी. जसोदाबाई खुर्चीवर बसल्या, लुगड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझ्या लग्नातलं शे हाई." आणि डोळे टिपून उगाच मिठाची वाटी सरळ केली.

टोकाची खुर्ची पितराची. तिच्यापुढं गिरधरबाबांचं मोठं पितळी ताट. निखाऱ्यावर तुपाची आगारी, पितरांच्या नावाची आहुती, पडली, धूर वर गेला. कामिनीचे वडील मोतीलाल आप्पा म्हणाले, "या, अमृतभाऊ. बठा."

कोकिळा आत्या तांब्या घेऊन आली. "हाई ल्या पाय धुवाले पानी."

अमृत खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिला. बसेना. एकदा त्याने कामिनीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विचारणं नव्हतं, नुसतं वाट पाहणं होतं.

कामिनीने जाऊन एक कोरं केळीचं पान घेतलं. ते आपल्या पानाशेजारी अंथरलं, आपली खुर्ची सरकवून जागा केली. पानावर पाणी जरा जास्तच शिंपडलं गेलं.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यांना आजोबांच्या जागी नका बसवू. हे इथं बसतील."

"कसाले?"

"तिथं बसले तर वर्षातून एकदाच येतील. जेवतील आणि जातील."

आत्याच्या तांब्यातलं पाणी तिच्याच पायावर सांडत होतं. अमृत हलक्या आवाजात म्हणाला, "तिथं बसलो असतो, आप्पा, तर या घरात मला दुसरं काही मागता आलं नसतं."

मोतीलालनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्या पानाकडे. आधी बोलल्या त्या जसोदाबाई, तापत चाललेल्या आमरसाकडे बघत.

"मंग पितर कोन? रस तपी ऱ्हायना."

मोतीलाल तसेच अनवाणी गल्लीत गेले. परतले तेव्हा त्यांनी शेजारच्या चुनीलालना दंडाला धरून आणलं होतं. चुनीलाल पोट धरून होते.

"मी दोन घर जेवी उनू, मोतीलाल. पोटमा जागा नही."

"एकच घास खाय."

पाय धुतले गेले. चुनीलालनी मोठ्या कष्टाने पुरणपोळीचा एक तुकडा रसात बुडवून तोंडात टाकला, डोळे मिटून गिळला, आणि त्या क्षणापासून ते गिरधरबाबा झाले. सगळे पाया पडले. मोतीलाल सर्वांत शेवटी वाकले. वाकलेलेच राहिले.

"बाबा," ते म्हणाले, आणि आवाज लहान पोरासारखा झाला, "हाऊ पोऱ्या कसा वाटस तुमले?"

चुनीलालनी अमृतकडे पाहिलं, कामिनीकडे पाहिलं, मग समोरच्या कुरडयांकडे हताशपणे पाहिलं.

"माले काय इचारस? पोरनी पान मांडी दिन्हं. आते वाढा."

जसोदाबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब केला, आणि पहिली रसाची वाटी अमृतच्या पानावर ठेवली.

मग जेवण सुरू झालं. विटा लावूनही चार उंच्यांच्याच राहिलेल्या टेबलांवरून पातेली चढत-उतरत फिरू लागली, आत्या हसू लागली, कुणीतरी कुरडई मोडली.

"मला उत्तर मिळालं नाही अजून," अमृत पानाकडे बघत पुटपुटला.

"पान मांडलं ते काय होतं?"

"ते पान होतं. मला ऐकायचंय."

"जेवताना बोलू नये."

"मग जेवून झाल्यावर?"

कामिनीने पोळीचा घास मोडला, रसात बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि थांबली.

"हो," ती म्हणाली. "आणि जेवून झाल्यावरही हो."