चौदावा नियम

तिच्या पत्राला त्याने अकरा महिने उत्तर दिलं नव्हतं. कारण एकच — तिचं म्हणणं बरोबर होतं.

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. उरल्या वेळात त्याने एक चोपडी लिहिली होती... टेबलावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या काळच्या बंदुकवाल्या पलटणींची लढाई कशी खेळावी, त्याचे बत्तीस नियम. चौदावा त्याचा लाडका : समोरासमोरच्या रांगांपैकी जी फैर राखून ठेवेल, शत्रूला जवळ येऊ देईल, तिचा मारा दुप्पट. पत्रात एका अनोळखी बाईंनी विचारलं होतं, 'गोळ्या झेलत नुसतं थांबण्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही? तुम्ही कधी थांबून पाहिलंय?'

"दोन ओळी खरडायला हात मोडतात का रे?" ताई अधूनमधून टोचायची.

आज असे खेळ खेळणाऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत त्याच्यासमोर जी खेळायला बसली, तिच्या गळ्यात घड्याळजीचं भिंग लोंबत होतं. चिमट्याने ती एकेक सैनिक सरकवत होती, इतकं अलगद... की तो बघतच राहिला.

"झाडा की फैर," ती म्हणाली.

"नियम चौदा. मी थांबतो."

"मग मीही थांबते."

दोन्ही रांगा एकमेकींकडे बघत उभ्या. चहा निवला.

"अशाने आपण इथेच म्हातारे होऊ," तो पुटपुटला.

"मला सवय आहे. अकरा महिने थांबलेय."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. छपाईची चूक म्हणून वेळ मारून नेता आली असती... पण त्याने फासा उचलला. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे खेळू. थांबायचं तर दर खेपेला फासा टाकायचा. एक पडला की रांग फुटली."

तिसऱ्याच खेपेला एक पडला. त्याची निळी रांग पळत सुटली. हरूनही त्याची मान ताठ झाली. त्याची चोपडी कुणीतरी इतकी जीव लावून वाचली होती!

"मग, माझं बरोबर ना?"

"हो. आणि —"

"अंहं! तोंडी चालणार नाही. पत्राला पत्र."

घरी येऊन त्याने एका बैठकीत लिहिलं : 'नियम बदलला. नव्या आवृत्तीवर दोघांची नावं असावीत, तुमचं आधी. तुम्ही मला फार आवडता. उत्तराला उशीर झाला, तेवढी चूक माझी.' एकही खाडाखोड नव्हती.

तो चपला चढवू लागला तशी ताई म्हणाली, "अकरा महिने गेले, उद्या टाक की."

"उद्यावर टाकलं तर पुन्हा फासा टाकावा लागेल, ताई."

आणि कोपऱ्यावर जाऊन त्याने पत्र पेटीत टाकलं.