एकही गुंता नाही

"मॅडम, वटवाघूळ केसांत अडकलं तर टक्कल करावं लागतं का?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, चष्मिसने लावली होती, आणि पैजेला मागे हटेन ती मी कसली! वर्ग खो खो हसला. विज्ञानाच्या मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"वटवाघळं आंधळीही नसतात आणि इथली रक्तही पीत नाहीत. आवाज सोडतात, तो आदळून परत आला की काळोखात एक केससुद्धा ओळखतात. अडकतील कशाला?"

मला हे ऐकायचंच होतं. खाली आईचं पार्लर, वर आमचं घर, आणि पार्लरच्या पाटीमागच्या फटीत वटवाघळं. गेल्या आठवड्यात एक पिल्लू आरशावर येऊन बसलं, तर एक बाई अर्धे केस रंगवलेले तशाच किंचाळत रस्त्यावर पळाल्या. बाबांनी लगेच सिमेंट आणलं. रविवारी फट बुजवणार होते.

"आणि आत पिल्लं असली तर, मॅडम?"

"आतच मरतील. मग डास मारत बसा रात्रभर. ते काम सध्या ती फुकटात करतात."

मी ठरवलं, बाबांच्या डोळ्यांदेखत दाखवून द्यायचं. शनिवारी संध्याकाळी केस मोकळे सोडून पाटीखाली उभं राहायचं. माझे केस म्हणजे गुंत्यांचं गोदाम. आई त्यांना झाडू म्हणते. ती सगळ्यांचे केस विंचरते, पण स्वतःच्या अंबाड्याला कुणाला हात लावू देत नाही. झोपतानाही तो तसाच.

दिवे लागले. मैत्रिणी समोरच्या फुटपाथवर, बाबा दारात हाताची घडी घालून.

"टक्कल झालं की फोटो काढीन हं!" चष्मिस ओरडली.

पाटीमागे चुरचुर झाली आणि वटवाघळं निघाली. एकामागून एक, माझ्या कानांजवळून, कपाळावरून. गालांना वारा लागत होता, पंख नाही. मी हात पसरून हसत होते. इतकी उंच मला मी कधीच वाटले नव्हते.

मग रस्त्याचा आवाज बंद झाला. गाड्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

मानेमागे काहीतरी गार, हलकं, फार सावकाश फिरलं.

आणि आवाज परत आला. मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या.

"एकही टेकलं नाही!" चष्मिस म्हणाली. "हरले बाई!"

बाबांनी मान हलवली. "नशीब तुझं. पण उद्या फट बुजवणारच."

आईने मला पार्लरच्या खुर्चीत बसवलं. कंगवा वरून खाली सरळ गेला. पुन्हा गेला.

"आज एकही गुंता नाही," ती हळूच म्हणाली.

मग कंगवा थांबला.

"ही वेणी कुणी घातली?"

"कसली वेणी?"

तिने मागे छोटा आरसा धरला. मानेवर दोऱ्याएवढी बारीक वेणी होती. अनेक पेडांची, टोकाला केसाचीच गाठ.

"मैत्रिणींचा चावटपणा," बाबा म्हणाले.

"त्या रस्त्यापलीकडे होत्या, बाबा. तुम्ही बघत होतात."

वर, फटीत मागे राहिलेल्या पिल्लांची चुरचुर सुरू होती.

आरशात आईची नजर माझ्या नजरेला भिडली. तिचा हात सावकाश स्वतःच्या अंबाड्याखाली गेला आणि तिथलं दोऱ्याएवढं काहीतरी चाचपत थांबला.

मी खुर्चीतून उठले. ताठ.

"बाबा, ते सिमेंट परत देऊन या. फट आहे तशीच राहणार. आणि आई, ही वेणी मीही सोडणार नाही."