दाराबाहेरच्या चपला

तो दिवा जरा इकडे सरकवा. थंडी मला हल्ली सोसत नाही, आणि सांगायचंय ते थंडीचंच आहे.

मी फळांच्या शीतगृहात कामाला आहे. आत सफरचंदांच्या पेट्यांच्या छताला टेकलेल्या थप्प्या, पंख्यांची घरघर, ओल्या लाकडाचा वास. आत जायचं तर चपला दाराबाहेर काढून गमबूट चढवायचे. त्यावरूनच आमचा नियम पडला होता. दाराबाहेर चपला दिसल्या की आत माणूस आहे, बाहेरून कडी घालायची नाही. लेखी कुठे नव्हतं, पण चुकत कोणी नव्हतं.

माझा जोडीदार शिट्टी. खरं नाव साहेबांनाही आठवत नसे. काम करताना सतत शीळ घालायचा, तीही बेसूर. मी म्हणायचो, "अरे, सफरचंदं सडतील." तो म्हणायचा, "तुझं तोंड बघून नाही सडली, मग कसली सडतात!" अर्धं आयुष्य आम्ही असं काढलं. आत फार वेळ थांबवत नाही. बोटं बधिर झाली की एकाने बाहेर जाऊन ऊब घ्यायची, दुसऱ्याने काम चालू ठेवायचं. समोरच्याचे ओठ निळे दिसले की म्हणायचं, "जा तू, मी आहे." दिवसातून कितीदा आम्ही हे एकमेकांना म्हटलं असेल, देव जाणे.

एका सकाळी पेटी उचलता उचलता तो छातीवर हात धरून खाली बसला. तसाच गमबुटांत त्याला दवाखान्यात नेला. तिथेच तो गेला.

चपला दाराबाहेर राहिल्या. उजवीचा अंगठा तुटलेला, त्यानेच तांब्याच्या तारेने बांधलेला. त्या उचलायला कुणाचा हात होईना. झाडणाराही त्यांच्या भोवतीनेच झाडू फिरवायचा. मला तर त्या तिथे असलेल्या बऱ्या वाटायच्या. सकाळी आलो की क्षणभर वाटायचं, हा आत आहे.

पण त्यामुळे झालं काय, की दाराबाहेर चपला दिसण्याची सगळ्यांना सवय झाली.

त्या दुपारी मागच्या थप्पीतल्या दोन पेट्या काढायला मी एकटाच आत गेलो. चपला शिट्टीच्या चपलांशेजारी काढल्या. मागे पोचतो तोच दार लागलं. मग कडीचा आवाज. मग दिवे गेले.

कडी घालणारा आमचा फिटर होता, पंखे-यंत्रं बघणारा. जेवायला निघाला होता. चपला त्याने ओझरत्या पाहिल्या होत्या, शिट्टीच्या म्हणून सोडून दिल्या.

चाचपडत दारापर्यंत आलो. आतून उघडायचा दांडा बर्फाने आखडलेला. अंगाचा भार टाकला, ठोकलं, ओरडलो. एवढं जाड दार, बाहेर काय जाणार? आधी बोटं गेली, मग गुडघे. बायकोचा चेहरा आठवायला लागलो, तर तो नीट आठवेना. तेव्हा कळलं की इथून आपण जिवंत सुटत नाही.

मग पंखे थांबले, आणि मागच्या थप्पीकडून शीळ आली. बेसूर.

खोटं कशाला सांगू, आधी मला रडूच आलं. भीती नंतर वाटली, शीळ जवळ येऊ लागली तेव्हा. सोबत ओल्या गमबुटांचा आवाज. पचक... पचक... माझ्या अगदी शेजारी येऊन थांबला.

"किती वेळ झाला रे..." शेजारी श्वास नव्हता, नुसते शब्द होते. "कोणी दारच उघडत नाही."

"शिट्ट्या..."

"चपला बाहेर आहेत ना माझ्या... म्हणजे मी आतच. घरी जाऊ दे ना मला..."

आम्ही मायेने ठेवलेल्या चपला, आणि त्यांनीच त्याला इथे डांबलं होतं. ओठ हलत नव्हते. पण अर्ध्या आयुष्याची सवय, शब्द आपोआप निघाले.

"जा तू... मी आहे."

गमबूट दाराकडे गेले. दार उघडल्याचा आवाज मात्र झाला नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा फिटर माझे तळवे चोळत होता. रडवेला झाला होता बिचारा. म्हणाला, "शिट्टीच्या चपला दिसेनात. कुणी उचलल्या म्हणून वाकून बघितलं, तर तुमच्या दिसल्या. तुमच्याच तेवढ्या होत्या."

अंगात बळ आल्यावर एका संध्याकाळी वहिनींकडे गेलो, शिट्टीच्या बायकोकडे. वीज गेली होती. मेणबत्ती घेऊन त्या दाराशी आल्या, आणि उंबऱ्यापाशी मला तांब्याची तार चमकताना दिसली.

"बरं केलंत भाऊजी, आणून ठेवल्यात," वहिनी म्हणाल्या. "मी त्या आत नाही नेल्या. दाराशी असल्या की वाटतं, हे घरात आहेत."

मी माझ्या चपला शेजारी काढल्या, आत जाऊन चहा घेतला. घरात छान ऊब होती. निघताना वहिनींनी मेणबत्ती खाली धरली. उंबऱ्यापाशी एकच जोड होता, तारेचा.

"अगंबाई, तुमच्या कुठे गेल्या?"

"कामावर राहिल्या असतील," मी म्हणालो, आणि अनवाणी घरी आलो.

सकाळी त्या शीतगृहाच्या दाराबाहेर होत्या, नीट लावून ठेवलेल्या. आता रोज संध्याकाळी मी त्या घालून घरी येतो, आणि रोज सकाळी त्या तिथेच असतात. फिटर तर इतका धसकलाय की चपला दिसल्या की कडी घालण्याआधी आत हाक मारतो. काल दुपारी त्याने सवयीने हाक मारली, "आत कोण आहे?" मी त्याच्या शेजारीच उभा होतो, हातात चहाचा कप घेऊन.

आतून माझ्याच आवाजात उत्तर आलं.

"मी आहे..."

फिटरने कडी घातली नाही. पण दार उघडून बघायला आम्ही दोघंही पुढे झालो नाही.