दोघांची मेमरी आणि तिसरी पूजिता

"अय्यो, स्वल्प सरका की!" कंपनीच्या बसमध्ये धापा टाकत चढलेली पूजिता म्हणाली, आणि खिडकीशी बसलेला मुलगा चमकून हसला.

"तुम्ही मराठी? पण स्वल्प...? आमच्या साताऱ्यात नुसता स्वल्पविराम असतो!"

"आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. आमचं मराठी असंच, कन्नड मिसळलेलं," ती फणकारली. पण हसू काही लपेना...

तो विश्वजीत. म्हैसूरमधल्याच हेब्बाळच्या कॅम्पसमध्ये तिच्याच ट्रेनिंगच्या बॅचमध्ये निघाला आणि रोज बसमध्ये तिच्यासाठी जागा धरू लागला.

मग सी प्रोग्रॅमिंगच्या जोड्या लागल्या. विश्वजीतबरोबर — बॅचमधली कन्नड मुलगी, वर्षिणी! काम असं, की दोघांनी आपापले प्रोग्रॅम एकाच सामायिक मेमरीला जोडायचे; एकाने तिथे लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं, आणि काम झालं की सुटं व्हायचं. सुटे कसले होतायत! तो काहीतरी लिहायचा, समोरच्या टेबलावर वर्षिणी ते वाचून खुदकन हसायची. पूजिताच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिने बसमधली जागा बदलली. बोलणंही बंद.

काम दाखवायच्या दिवशी वर्षिणी तापाने घरी, आणि विश्वजीतचा प्रोग्रॅम शेवटी शेवटी कोसळत होता. कोसळू दे... पूजिताने मान फिरवली. पण त्याचा उतरलेला चेहरा बघवेना. शेवटी ती उठून गेलीच.

"मेमरी सोडतोस, आणि मग तिथलंच वाचायला बघतोस. आधी वाच — मग सोड."

त्याने वाचायची ओळ वर घेतली. प्रोग्रॅम सुरळीत चालला.

"आता तरी बोल ना..."

"कशाला? वर्षिणी आहे की हसायला."

"ती माझ्या कन्नडला हसते गं! मी वाक्यं लिहायचो, ती चुका काढायची. तू बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतेस... निम्मी तू मला कळतच नव्हतीस."

पूजिताचे कान तापले. "मग... काय शिकलास?"

"ननगे... नीनु... इष्ट."

तू मला आवडतेस! तिच्या छातीत धडधडलं. तरी भुवई चढलीच. "हे वाक्यसुद्धा तिला लिहिलंस?"

"चुकायला नको म्हणून... एकदाच."

"एकदाच?"

"...दोनदा."

"आता रोज मला म्हणायचं," शेजारची खुर्ची ओढून बसत ती म्हणाली, "आणि तिला अजिबात नाही. गोत्तायता? कळलं?"

"गोतायतू," तो म्हणाला. उच्चार साफ चुकला होता. पण यापुढे त्याच्या चुका काढायचा हक्क फक्त तिचा होता.