दोन घरांत दोन नोटिसा

धनश्रीने पाकीट टेबलावर ठेवलं आणि हात झटकन मागे घेतला.

"पंधरा दिवस काल संपले," ती म्हणाली. "म्हंजी मी आता त्यांची कुणीच न्हाई ना?"

शिरूरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर, अनुपमाचं दहा बाय बाराचं ऑफिस होतं. सात वर्षं तिने एका वकिलांकडे टायपिंग केलं. पक्षकारांची खरी-खोटी बोलणी टाइप करता करता शोध घ्यायची खोड लागली, आणि पुढे तोच तिचा धंदा झाला. तिचे मामा भिमाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते भाचीची व्हॅन चालवत, आल्यागेल्याला चहा सांगत, आणि गुन्हेगार कोण हे अनुपमाच्या आधीच मनाशी ठरवून टाकत. आजवर एकदाही त्यांचा अंदाज बरोबर आला नव्हता.

"मामा, वाचा जरा मोठ्यानं."

भिमाजींनी चष्मा चढवला. तिकिटांच्या सवयीने आधी नंबर वाचला. "स्पीड पोस्ट, दौंड. शेवटचे आकडे चार, एक, सहा." मग त्यांनी कागद उलगडला. "'माझे अशील रविराज यांचा आपल्याशी दिनांक बारा मे रोजी विवाह झाला. दिवाळीत आपण, जावेबरोबर एका चुलीवर राहणार नाही, असे बोलून अशिलांना मानसिक त्रास दिला. सबब, ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास घटस्फोट झाला असे समजण्यात येईल.' खाली सही. अॅडव्होकेट सोनटक्के."

अनुपमाने कागद हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला.

"आधी एक ऐका, ताई. नोटिशीनं घटस्फोट होत नाही. पंधरा दिवसांनी नाही, पंधरा वर्षांनी नाही. वकिलाची नोटीस म्हणजे पत्र. लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो."

धनश्री तिच्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडावर धरून ती रडली. भिमाजी खिडकीबाहेर बघू लागले.

"कुठल्याही वकिलाला दाखवली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं," अनुपमा म्हणाली. "का नाही दाखवली?"

"आई म्हणली, कोर्टात पाय ठेवला की आपल्या न्हावऱ्यात बोभाटा व्हईल. आन् सासरहून, खुटबावहून निरोप आला, रविवारी बैठक हाय. स्टॅम्पवर सह्या करायच्या आन् मोकळं व्हायचं. येत्या एकोणीस मेला दोन वर्षं झाली आसती. तेवढं पण दम निघाला न्हाई त्यांना."

"नवऱ्याला फोन केलात?"

"न्हाई. नंबर ब्लॉक केला. ते चुलीचं मी फक्त त्यांना बोलले हुते. रानात, मोटरीपाशी. तिथं तिसरं कुणी नव्हतं. म्हंजी त्यांनीच वकिलाला सांगितलं ना?"

"तुमची भांडणं व्हायची ती कशावरून?"

धनश्री घुटमळली. "हसाल तुम्ही. त्यांच्या मित्रावरनं. भांडगावचा पृथ्वीराज. सकाळी पहिला फोन त्याचा. आम्ही सिनेमाला निघालो तर तिसरं तिकीट त्याचं. सवत आसती तर चार शब्द भांडले तरी आसते. मित्राशी कसं भांडायचं? जळायची मी, ताई. यांना शंभर वेळा बोलून दाखवलं. बाकी कशावरनं आमचं वाजलं न्हाई."

* * *

शुक्रवारी सकाळी भिमाजींनी व्हॅन न्हावऱ्यावरून काढली. पारगावच्या पुलापाशी उसाच्या ट्रॅक्टरने अर्धा तास अडवलं. खुटबावला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं.

रविराज गोठ्यात होता. धनश्रीचं नाव ऐकताच त्याने हातातली बादली आपटली.

"तिनं पाठवलं व्हय तुम्हाला? आधी मला नोटीस पाठवती आन् आता चौकशी?"

"तुम्हाला नोटीस?" भिमाजी चमकले.

रविराजने घरातून पाकीट आणलं. तसंच पाकीट, तोच सोनटक्के.

"दौंड," भिमाजींनी वाचलं. "चार, एक, सात. 'माझ्या अशील धनश्री यांचा आपल्याशी दिनांक बारा मे रोजी विवाह झाला. आपण त्यांना माहेरी वेळेवर सोडत नाही, शाळेच्या नोकरीवरून टोमणे मारता, कायम वहिनीची बाजू घेता, आजारपणात लक्ष देत नाही...'" यादी पानभर होती. शेवटी तेच पंधरा दिवस.

"मी काय टोमणे मारलं?" रविराजचा आवाज चिरकला. "यवतच्या शाळंत ती कॉम्प्युटर शिकवती, मी सगळ्यांना सांगत फिरतो. फोन लावला तर लागंना. आईची तब्येत बघायला म्हणून गेली आन् तिकडनं हे."

"वकिलाकडे गेलात?"

"पृथ्वी म्हणला, वकील लागला की दोघांची आब्रू जाती. तो सगळं बघतोय. माझ्यात ताकद न्हाई ओ."

"दिवाळीत धनश्री मोटरीपाशी चुलीवरून काही बोलल्या होत्या. ते तुम्ही कुणाला सांगितलं?"

तो गोरामोरा झाला. "परक्या माणसाला कशाला सांगू?"

ओसरीवर रविराजची वहिनी गीताबाई शेंगा निवडत होती. विचारायच्या आधीच ती सुरू झाली.

"माझ्यावरच संशय आसंल. आसू द्या. जळते मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू? मी पहाटं उठून धारा काढायच्या आन् ती पर्स लावून स्कूटीवर टुर्रकन जायची. आबा, आमचं सासरं, मला बारा वर्षांत 'जेवलीस का' म्हणलं न्हाईत, तिला रोज इचारत्यात. तिचं लग्न पण बघा कसलं गाजलं! आमचं चुलत सासरं ऐनवेळी वारलं, आठ दिवस पुढं ढकललं, छापलेल्या पत्रिका वाया गेल्या, घरोघर फोन करून सांगितलं, तरी मांडवात पाय ठेवाया जागा नव्हती. माझ्या लग्नाला जेवाण पण पुरलं नव्हतं."

"माहेरी कोण असतं तुमच्या?"

"एक भाऊ. दौंडला तहसीलबाहेर बसतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो."

भिमाजींनी भाचीच्या पायाला हळूच पाय लावला. अनुपमाने एक शेंग उचलून सोलली.

"त्या मित्राचं तुम्हाला कसं वाटतं?"

"पृथ्वीराज? ह्यो घरात आला की भाऊजी आमचं र्‍हात न्हाईत. मला आन् धनश्रीला त्याच्याबद्दल बोलायला लागलं की दुपार पुरायची न्हाई. तेवढ्यापुरतं आमचं लई जमायचं."

* * *

भांडगावला हायवेच्या कडेला पृथ्वीराजचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसांचे फलक, निवडणुकीचे फलक, आणि एका भिंतीवर त्याने छापलेल्या लग्नपत्रिका. पोरगा देखणा, बोलायला गोड. शेतीवाडी बक्कळ, हे दुकान हौसेखातर. त्याने दोघांना उसाचा रस मागवला.

"काय बोलायचं, ताई. रवीची अवस्था बघवत न्हाई. बैठक मी जुळवली, स्टॅम्प मी आणला. त्याच्याच्यानं काय हुतंय?"

"फार जुनी दोस्ती दिसते."

"पहिलीपास्नं एका बाकावर. टेनिस क्रिकेटला दहा वर्षं आम्हीच ओपनिंगला. मी एका टोकाला आन् तो दुसऱ्या. पळायला हाक मारायची पण गरज पडली न्हाई कधी." त्याने रसाचा ग्लास खाली ठेवला. "आता दोन वर्षं झाली, टीमच न्हाई र्‍हायली."

"लग्नात भरपूर नाचला असाल."

"कुठलं! डेंग्यू झाला. दहा दिवस दवाखान्यात. पत्रिका मात्र माझीच. ती बघा, मधली."

अनुपमाने भिंतीजवळ जाऊन पत्रिका निरखून पाहिली आणि डिझाइनचं कौतुक केलं.

भिमाजींना पोरगा आवडला. एसटीत बावीस वर्षं म्हाळू ड्रायव्हर आणि ते एका गाडीवर होते. निवृत्त होऊन म्हाळू पुण्याला नातवंडांत गेला, आणि आता फोन केला तर "नंतर बोलतो" म्हणून ठेवून देतो. त्या नातवंडांचा भिमाजींना राग यायचा. तीन आणि पाच वर्षांच्या पोरांचा. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

परतताना ते म्हणाले, "गीताबाई. भाऊ टायपिस्ट, नोटिशी दौंडच्या, आणि जळते हे तोंडानं कबूल केलं. अजून काय पाहिजे?"

"मामा, धनश्रीच्या नावानं रविराजला आलेल्या नोटिशीत काय नव्हतं?"

"जे नव्हतं ते मी वाचणार कसं?"

अनुपमा नुसती हसली.

* * *

रविवारी दहा वाजता खुटबावच्या अंगणात सतरंज्या पडल्या. एका बाजूला धनश्री आणि तिची आई, समोर रविराज खाली मान घालून. गीताबाई दारात, आबा खाटेवर. पृथ्वीराज स्टॅम्पपेपर मांडीवर घेऊन रविराजच्या शेजारी.

"आबा, सह्यांच्या आधी मला दहा मिनिटं द्या," अनुपमा म्हणाली. "हा स्टॅम्प लग्न मोडायला पुरत नाही. याच्या भरवशावर उद्या दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं असतं, तर गुन्हा दाखल झाला असता. आणि मोडायचंय तरी कुणाला? रविराज, तुम्ही नोटीस पाठवली?"

"मी? न्हाई! तिनं..."

"धनश्री, तुम्ही?"

"मी कशाला पाठवू?"

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट पाहिलं.

अनुपमाने दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. "मामांनी नंबर वाचले तेव्हाच मला हे कळायला हवं होतं. एकाचा शेवट चारशे सोळा, दुसऱ्याचा चारशे सतरा. एकाच खिडकीवर, एकामागून एक. भांडणारे नवरा-बायको एका रांगेत उभं राहून एकमेकांना नोटिसा देत नाहीत. दोन्ही एकाच माणसाने टाकल्या. सोनटक्के नावाचा वकील दौंडला नाही, मी तिथल्या वकिलांना विचारलं. आणि पंधरा दिवसांत आपोआप घटस्फोट, असं कुठलाच वकील लिहिणार नाही. म्हणून लिहिणाऱ्याला एकच भीती होती. यातलं कुणी वकिलाकडे गेलं, तर सगळं उघडं पडणार."

"मग कुणी लिहिलं?" आबांनी विचारलं. नकळत सगळ्यांची नजर दाराकडे गेली. गीताबाई ताठ झाली.

"वहिनींनी नाही. दोन्ही कागदांवर लग्नाची तारीख बारा मे आहे. लग्न झालं एकोणीसला. घरातलं कुणी ही चूक करणार नाही, वहिनी तर नाहीच. ते आठ दिवस त्यांनी फोन करकरून काढले. बारा तारीख राहिली फक्त छापलेल्या पत्रिकेवर. म्हणजे लिहिणाऱ्यासमोर पत्रिका होती, आणि लग्न त्याने पाहिलेलं नव्हतं."

पृथ्वीराजच्या मांडीवरचा कागद हलला.

"पत्रिका तर गावात दोनशे घरांत आसतील," तो म्हणाला.

"असतील. पण मोटरीपाशी झालेलं बोलणं दोनशे घरांत गेलं नाही. रविराज म्हणाले, परक्याला सांगितलं नाही. तुम्ही परके कधी होतात?"

रविराजने मान वर केली. "पृथ्वी?"

"आणि शेवटचं," अनुपमा म्हणाली. तिचा आवाज आता मवाळ होता. "धनश्रीच्या नावानं रविराजला आलेल्या नोटिशीत पानभर तक्रारी आहेत. तिची खरी तक्रार एकच होती, आणि तीच त्यात नाही. तुमचं नाव. गीताबाईंनी लिहिलं असतं तर पहिल्या ओळीत टाकलं असतं. दुसऱ्या कुणालाही ते सुचलं असतं. फक्त एकाच माणसाला ते लिहिता आलं नाही."

पृथ्वीराजने स्टॅम्पपेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"लिहिलं हुतं," तो खाली बघत म्हणाला. "दोनदा लिहिलं आन् खोडलं. रवीनं वाचलं आसतं, की मित्रामुळं घर मोडतंय, तर तो मलाच सोडंल आसं वाटलं." मग एकदम त्याचा आवाज चढला. "डेंग्यू न्हवता झाला मला. आत्याकडं जाऊन बसलो हुतो. मला बघवलं नसतं. दहा वर्षं ह्यो माझ्या हाकेला धावला, आन् लग्नानंतर म्हणतो, थांब, तिला इचारतो. कुठं बी जायचं तर तिला इचारतो!"

धनश्री त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि भिमाजींना वाटलं, थोडी ओळखही होती. दोन वर्षं दोघंही एकाच माणसापायी जळले होते. तिने ते नवऱ्याला तोंडावर सांगितलं, एवढाच काय तो फरक.

"म्या तर सांगितलंच हुतं," गीताबाई दारातून म्हणाली, आणि आबांनी बघताच गप्प झाली.

रविराज उठून सतरंजी ओलांडून धनश्रीसमोर जाऊन बसला.

"मी खुटबावहून न्हावऱ्याला यायला पायजे हुतं," तो म्हणाला. "फोन लागत नव्हता तर गाडी काढून."

"मी पण ब्लॉक करायला नको हुतं," ती म्हणाली. "पर लगेच घरी येणार न्हाई मी. आईची औषधं संपू द्या. आन् घरातलं बाहेर सांगायचं न्हाई, कुणालाच, आपला किती का आसंना."

त्याने होकारार्थी मान हलवली.

आबांनी घसा साफ केला. "ह्या पोराचं काय करायचं?"

"खोट्या वकिलाच्या नावाने नोटिसा काढणं हा गुन्हा आहे," अनुपमा म्हणाली. "तक्रार द्यायची की नाही, ते या दोघांनी ठरवायचं. पण ठरवण्याआधी खऱ्या वकिलाला विचारा. माझ्यावरही विसंबू नका, मी वकील नाही."

"उद्या दौंडला जाऊ," रविराज म्हणाला.

पृथ्वीराज सवयीने उठला. खिशातल्या किल्ल्या त्याच्या हातात आल्या होत्या. "मी गाडी काढू का, रवी?"

रविराजने वळून पाहिलं. डोळे लाल होते, पण आवाज शांत होता.

"नको," तो म्हणाला. "आम्ही दोघं जाऊ."

पृथ्वीराजने किल्ल्या मुठीत धरल्या. मग चपला पायात सरकवून, कुणाकडेही न बघता, अंगणाबाहेर पडला. बाहेर गाडी चालू झाली, बराच वेळ जागेवरच घरघरत राहिली, आणि कुणी हाक मारत नाही असं पाहून निघून गेली.